शब्दाआधीचा श्वास

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. ओल्गिनहून ट्रक, मग बस, मग पुन्हा ट्रक आणि शेवटचा तुकडा घोडागाडीने. हाडं खिळखिळी झालीत, पण मन पिसासारखं हलकं आहे. काइबारिएन मला उतरताक्षणी आवडलं. बुटकी लाकडी घरं, खारा वारा, समुद्राकाठच्या कट्ट्यावर डोमिनोच्या सोंगट्या आपटणारे म्हातारे. मुख्य म्हणजे इथे मला कोणी ओळखत नाही. ओल्गिनला गेलं वर्षभर रस्त्यात भेटेल तो 'ओस्मेलचं काही कळलं का?' विचारायचा आणि मी उत्तर देण्याआधीच चेहऱ्यावर कीव आणून मोकळा व्हायचा. नवरा समुद्रापलीकडे उत्तरेला निघून गेला, तोही न सांगता, यात माझं कर्तृत्व काय? पण बघणाऱ्यांना वाटतं, बाईतच काहीतरी उणं असणार.

माझे नवे मालक एवेलिओ पोर्ताल दारातच उभे होते. पंचावन्नच्या पुढचे, रुंद, शांत. तरुणपणी साखरेच्या जहाजांवर इंजिनखोलीत होते. आता घराच्या पुढच्या खोलीत दुकान. उत्तरेकडचे नातेवाईक आपल्याला नको झालेले खिशातले म्युझिक प्लेअर इकडे पाठवतात. त्यांतलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आणि घरी लिहिलेलं घालायचं, हा धंदा. एवेलिओंच्या सॉफ्टवेअरचं नाव कोकुयो, म्हणजे इकडचा मोठा काजवा. कंपनीने नुसती गाणी वाजवायला केलेलं यंत्र कोकुयो घातल्यावर पुस्तकं उघडतं, शब्दकोश होतं, बुद्धिबळ खेळतं, गजर देतं. मला हे इतकं आवडतं की सांगता येत नाही. मेलेल्या वस्तूला दुसरा जन्म मिळतो.

राहायला शेजारच्या सेनाइदाबाईंकडे खोली मिळाली आहे. त्या बोलतात फार, पण कॉफी फक्कड करतात.

ही रोजनिशी दुकानातल्या संगणकावर लिहिते आणि माझ्या प्लेअरमध्ये ठेवते. प्लेअरवरही लिहिता येतं, टिकटिक वाजणारं चाक फिरवून एकेक अक्षर निवडत. पण तसं लिहायचं तर एका परिच्छेदात केस पिकतील.

७ फेब्रुवारी

कोकुयोची खरी करामत आज कळली. तो बोलतो. मेन्यूतल्या ज्या ओळीवर जाल ती ओळ मोठ्याने सांगतो. 'पुस्तकं.' 'मागे.' 'बॅटरी, सत्तर, टक्के.' प्रत्येक शब्द वेगळा रेकॉर्ड केलेला, लागेल तसे जोडले जातात; पुस्तकंही तो तसाच वाचून दाखवतो. त्यामुळे आंधळी माणसं हे यंत्र बिनबोभाट वापरतात. काइबारिएनमधलीच नाही, तर रेमेदिओस आणि कामाहुआनीहूनही लोक येतात.

आवाज बाईचा आहे. इतका सुरेख आवाज मी रेडिओवरही क्वचित ऐकलाय, आणि तो रेडिओवरचाच निघाला. एवेलिओंची बायको मिरेया इथल्या रेडिओवर बातम्या सांगायची. मी सहज विचारलं, त्या कुठे असतात. एवेलिओंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, 'गेली.' एवढंच. आमच्याकडे या शब्दापुढे कोणी विचारत नाही. जाणं म्हणजे समुद्र ओलांडणं.

खरं सांगू? मला त्या बाईचा रागच आला. ओस्मेलच्या जातीची. मागे राहिलेल्या माणसाने तिचा आवाज असा जपून ठेवावा, गावभर वाटावा, आणि ती तिकडे टँपात नखं रंगवत बसली असेल.

११ फेब्रुवारी

मला कशासाठी बोलावलं ते आज त्यांनी सांगितलं. गिऱ्हाइकांची तक्रार आहे. प्रत्येक शब्दाच्या आधी कसलातरी आवाज येतो, फुसफुसल्यासारखा. जुन्या शब्दांत नाही, गेल्या काही वर्षांत घातलेल्या शब्दांत. एवेलिओंना स्वतःला तो ऐकूच येत नाही. जहाजाच्या इंजिनाने त्यांच्या कानातले बारीक आवाज कायमचे नेले. कॉफीची किटली शिट्टी मारून मारून थकते आणि हे शेजारी ढिम्म बसलेले. मी हसले, तेही हसले. भला माणूस आहे.

तर माझं काम म्हणजे शब्द साफ करणं. मी हेडफोन लावला. खरंच, शब्दाआधी श्वास आहे, खसखस आहे. मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ धरला असणार. एकेक फाईल उघडायची, शब्द जिथे सुरू होतो तिथे कात्री लावायची, मागचंही शेपूट कापायचं. दिवसभर बाईसाहेबांचे श्वास छाटत बसले. लपवत नाही, बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

हाताने कापणं म्हणजे तांदळातले खडे वेचणं. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो शब्द जिथे मोठ्याने सुरू होतो ती जागा स्वतःच शोधतो आणि आधीचं-नंतरचं सगळं उडवतो. उडवलेले तुकडे एका बाजूच्या फोल्डरमध्ये पडतात. त्याला मी नाव दिलं 'केर'. एक बटण दाबलं की हजारो शब्द चकचकीत.

एवेलिओ कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, 'पोरी, आता हे मलासुद्धा करता येईल.' मी म्हटलं, डोळे मिटून करता येईल. संध्याकाळी त्यांनी खेकड्याचा रस्सा आणि मलांगाचे उकडलेले कंद डब्यात घालून दिले. पातेलं चांगलं मोठं होतं. एकटा माणूस एवढं रांधतो याचं मला कौतुक वाटलं.

१९ फेब्रुवारी

आज निकानोर आले. रेमेदिओसच्या चिरूट कारखान्यात ते वाचक होते. कामगार तंबाखू वळत आणि हे उंच खुर्चीवर बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवत. मग साखरेच्या आजाराने डोळे गेले. आता कोकुयो त्यांना वाचून दाखवतो. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि आवाज असा की नुसतं 'कॉफी आहे का' म्हणाले तरी वाटावं काहीतरी मोठं घडणार आहे.

साफ केलेले शब्द मी त्यांना ऐकवले. त्यांनी मान तिरकी करून शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'देव तुझं भलं करो. आता झोप लागेल. आधी उशीला कान लावला की ती बोलत बसायची.'

मी म्हटलं, बोलत नव्हतं काही, श्वास होता तो. 'श्वास. हो, श्वासच,' असं ते म्हणाले आणि काठी चाचपडू लागले.

२२ फेब्रुवारी

कोकुयोमध्ये मी नवी सोय घातली. झोपताना पुस्तक ऐकत असाल तर ठरवलेल्या वेळाने यंत्र आपोआप मालवतं. त्याला नाव काय द्यावं यावर मी आणि एवेलिओ काल चांगलेच भांडलो. शेवटी माझं चाललं: 'निजानीज'. पण हा शब्द बोलणार कोण? मी म्हटलं, माझा आवाज घ्या की, एका शब्दाने काय बिघडतंय. ते म्हणाले लोकांना मिरेयाची सवय आहे, बघू.

आज सकाळी ते शब्द घेऊन आले. 'निजानीज.' मिरेयाच्या आवाजात.

कसा आला म्हणून विचारलं, तर फोनवरून मागवला म्हणाले. पण फोनवरून आलेला आवाज कसा असतो ते मला कळतं. तो चेपलेला, पत्र्यासारखा असतो. हा तसा नव्हता. गेल्या काही वर्षांतल्या शब्दांसारखाच, त्याच मायक्रोफोनवरचा, त्याच बंद खोलीतला.

म्हणजे बाई इथे येऊन गेली? गावात? आणि सेनाइदाबाईंना कळलं नाही? त्यांना तर शेजारच्या मांजरीला किती पिल्लं होणार हेही आधी कळतं.

२३ फेब्रुवारी

'निजानीज'चा नंतरचा भाग 'केर'मध्ये पडला होता. एवेलिओ मासे आणायला बंदरावर गेले तेव्हा मी तो ऐकला. आवाज पुरता वाढवून.

श्वास नाही. शब्द आहे. ओठ न हलवता कुजबुजल्यासारखा.

'नवीन कोण आहे?'

२५ फेब्रुवारी

कालचा सगळा रविवार खोलीत बसून 'केर' ऐकला. सगळा माझ्या प्लेअरवर उतरवून आणला होता. कित्येक तुकड्यांत नुसती खसखस आहे. कित्येकांत एकदोन शब्द. ज्या क्रमाने रेकॉर्ड केले त्या क्रमाने लावले.

'मी.' 'मिरेया.' 'गेले नाही.' 'अंगणात.' 'खाली.' 'टाकी.' 'झाकण.' 'कोणी ऐकतंय का?' 'मी मिरेया.' 'गेले नाही.'

पुन्हा पुन्हा तेच. वर्षानुवर्षं. एवेलिओला बारीक आवाज ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. त्याच्यासमोर बसून, त्याच्याच मायक्रोफोनवर, त्याने दिलेल्या प्रत्येक शब्दाच्या आधी आणि नंतर ती हाक मारत होती. गावातल्या खिशाखिशात ती हाक गेली. आणि लोकांनी काय केलं, तर तक्रार. आवाज खराब आहे म्हणून.

आणि मी काय केलं ते वर लिहिलेलंच आहे. 'बरं वाटलं.'

दुकानामागच्या अंगणातली ती जमिनीखालची, पावसाच्या पाण्याची जुनी टाकी. लोखंडी झाकण, त्यावर फर्नच्या कुंड्या. त्या कुंड्यांना पाणी घालायला तो मला कधी देत नाही.

२६ फेब्रुवारी

सेनाइदाबाईंना सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले.

म्हणाल्या, 'अगं, गेलेली बाई आहे ती. सगळ्या गावाला ठाऊक आहे.'

मी विचारलं, जाताना कोणी बघितलं? त्या म्हणाल्या, जाणारा कधी बघू देतो का? तुझ्या नवऱ्याला तू बघितलंस?

मग त्या जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, जुनं रेकॉर्डिंग असेल, रेडिओवरचं नाटक असेल काहीतरी. आणि समजा नसलं, तरी एवेलिओला पोलिसांनी नेलं तर त्या आंधळ्यांची यंत्रं कोण बघणार? माझ्या भावाची कोण बघणार? 'गप काम कर आणि गप घरी ये, बाळ. नवीन आहेस.'

यांच्या भावालाही कोकुयो आहे. मला माहीतच नव्हतं.

२७ फेब्रुवारी

ठाण्यावर जायचं म्हटलं तर दारातच हसतील. नवरा सोडून गेलेली बाई, तिला यंत्रातून बायकांचे आवाज येतात. त्यापेक्षा बाईलाच बाहेर काढून चौकात उभी करावी. मग कोण नाही म्हणतो बघू.

एवेलिओ उद्या बॅटऱ्या आणायला सांता क्लाराला जातोय. पहाटेच्या ट्रकने जाणार, संध्याकाळी परत. दुकान माझ्यावर. आज जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तुझ्यासारखी मदतनीस मिळायला भाग्य लागतं. हात थंड नव्हता, जड नव्हता. साधा माणसाचा हात होता. त्यानेच जास्त भीती वाटली.

तारीख — बहुतेक २८च

प्लेअरवर चाक फिरवून लिहितेय. अक्षरं चुकतात.

सगळं क्रमाने लिहिते. लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

तो गेला. मी दुकानाचं दार लावलं. कुंड्या सरकवल्या. झाकणाला वरून अडसर, कुलूप नाही. खाली शिडी. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, त्यावर अंड्यांचे पुठ्ठे. दिवा, टेबल, मायक्रोफोन, खाट, बादली. दुकानातल्यासारखंच नीटनेटकं.

ती टेबलाशी बसली होती. केस कापसासारखे पांढरे. एवेलिओपेक्षा लहान असणार, पण दिसत होती त्याची आई. माझ्याकडे बघून दचकली नाही.

मी म्हटलं, ताई, चला, तो गावात नाहीये.

ती बोलली. तोच आवाज. पण वाक्य नाही. एक शब्द. मग थांबणं. मग दुसरा. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ, दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडून. एवढ्या वर्षांत तिचं बोलणं तसंच होऊन गेलंय.

'तू. ती. नवीन.'

मी हो म्हटलं.

'साफ. करणारी.'

त्याने सांगितलं होतं तिला. कौतुकाने. नवी पोर आली, तुझे शब्द कसे लख्ख करते बघ. तिला तेव्हाच कळलं असणार तिच्या हाकांचं काय झालं ते.

मी रडले. मला माहीत नव्हतं म्हटलं. पाया पडते म्हटलं. तिने माझ्या गालाला हात लावला. खरंच लावला. मग शिडीकडे बोट केलं. पाय अधू आहेत तिचे, म्हणून मी म्हटलं आधी तुम्ही चढा, मी खालून आधार देते. दिला. तिचं वजन लहान मुलीएवढं. ती वर पोचली. उजेडात तिने डोळे मिटून घेतले, थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग वाकून झाकण धरलं.

म्हटलं, ताई, मी अजून खाली आहे.

ती म्हणाली, 'त्याला. एक. लागते. एक. असली. की. शोधत. नाही.'

अडसर सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही. गाद्यांमुळे इथे काहीच ऐकू येत नाही. स्वतःच्या कानातलं रक्त तेवढं.

नंतर

ती माणसं घेऊन येईल. येणारच. एवढी वर्षं जिने हाक मारली, तिला माहीत आहे हाक म्हणजे काय.

नंतर

संध्याकाळ झाली असावी. झाकण उघडलं.

तो होता. कंदील, डबा. मला बघून तो शिडीवरच बसला. मग रडला. मी त्याला शिव्या घातल्या, वर झेपावले, त्याने एका हाताने मला खाली बसवलं. रागावला नाही. डबा पुढे केला. निघून गेला.

—

त्याने सांगितलं. मिरेया त्याच दिवशी कोण्या होडीत बसून गेली. बंदरावर बघितली म्हणे एकाने, ओळखली नाही. आता खरंच गेली, म्हणाला. इतकी वर्षं मी खोटं बोलत होतो, देवाने खरं करून दाखवलं.

म्हणजे तिने कोणाला सांगितलं नाही.

—

मी विचारलं, माझ्याबद्दल गावात काय सांगितलंस? सांगायची वेळच आली नाही म्हणाला. सेनाइदाबाईंनी माझी पेटी स्वतःच आणून दिली. 'गेली का?' म्हणाल्या. तो 'हो' म्हणाला. बाईंनी खोली दुसऱ्याला दिली.

ओल्गिनलाही कळेल तेव्हा तसंच. नवरा गेला, मग बायको गेली. कीव करणारे कीव करतील. कोणी शोधणार नाही.

—

शब्दांचे कागद ठेवून जातो. सगळे शब्द पहिल्यापासून माझ्या आवाजात हवेत. मी बोलत नाही. मग डबा येत नाही.

—

बोलले.

—

तिच्यासारखंच केलं. शब्दाआधी कुजबुज, शब्दानंतर कुजबुज. 'मी इदालमिस. टाकीत.' त्याला कळलं नाही. मान हलवत बसला. खूश.

मग आठवलं. वर ते बटण आहे. माझंच. डोळे मिटून करता येईल, मीच म्हटलं होतं. आणि आता 'केर' ऐकणारं कोणी नाही.

—

विचार करतेय. माझा प्रोग्रॅम मला जितका माहीत आहे तितका कोणाला नाही. तो टोकं कापतो. मधलं कापत नाही. शब्दाच्या पोटात घालायचं. 'बॅट' — आणि 'री' — त्यांच्या मधे. हळू. अगदी हळू. 'मी आहे.'

केलं. कितीतरी शब्दांत केलं. खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

निकानोरला ऐकू जाईल. तो कान दुसऱ्या कोणाकडे नाही. तो ऐकेल.

—

ऐकलं त्याने!

एवेलिओ आज चिंतेत आहे. निकानोर आला होता म्हणे. नव्या आवाजात मधेच काहीतरी आहे, म्हणाला. कुठे आहे, काय आहे, ते सांगायला त्याला प्रत्यक्ष ऐकावं लागेल. बाई बोलत असताना.

बाई बोलत असताना. म्हणजे त्याला कळलंय मी इथे आहे. तो खाली येतोय. त्याला शिडीवर धरलं की मी ओरडेन, त्याचा हात धरेन, तो मोठ्या आवाजाचा माणूस आहे, त्याची हाक चौकापर्यंत —

—

आले. दोघं. तो आधी काठी, मग पाय. पांढरा शर्ट. प्लेअर चादरीखाली आहे, अंगठ्याने लिहितेय.

मी म्हटलं, निकानोरकाका, मी इदालमिस.

त्याने मान तिरकी केली. ऐकलं. एवेलिओला म्हणाला, 'आवाज बरा आहे. मिरेयाइतका नाही. पण होईल.'

मी म्हटलं, काका, मला कोंडलंय.

तो म्हणाला, 'हो ना, बाळ. ती पण तेच सांगायची. रोज. उशीत तोंड खुपसलं तरी.' मग हळूच म्हणाला, 'पण ती वाचून दाखवायची ना. दुसरं कोण आहे मला?'

खुर्ची ओढून बसला. कारखान्यात बसायचा तसा. एवेलिओला सांगतोय, तिला शब्द तोडून नको म्हणायला लावू, एका दमात म्हणायला लाव, म्हणजे मधे जागा उरणार —

त्याला पहिल्यापासून. पहिल्या श्वासापासून माहीत

थांबला. बोलायचं थांबला. कान माझ्याकडे. म्हणतोय, एवेलिओ, तिच्या हातात काहीतरी टिकटि